अकरा घरांचा चीक आणि एक बधना

पौष वद्य चतुर्थी, सोमवार. सकाळचं काम: गावात चीक वाटणं.

माझी गाय पहाटे व्यायली होती. कालवड झाली होती, चारी पाय धड होते, आणि ऊन अंगणात यायच्या आत सासूबाईंनी गाईची कास पिळून चरवी भरून ठेवली होती. व्यायल्यावरचं पहिलं दूध म्हणजे चीक. पिवळाधमक, बोटाला चिकटेल असा. गूळ घालून वाफवला की त्याचा खरवस होतो, आणि खरवस म्हटलं की आमच्या गावात अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा उठून बसतो. रीत अशी होती की चीक कच्चाच घरोघरी द्यायचा, ज्यानं त्यानं आपापल्या चुलीवर शिजवायचा. आमच्याकडची घरं ठरलेली होती, अकरा. पाटलापासून सुरुवात, पटवाऱ्याकडून पुढं, देवळातल्या गुरवापर्यंत, आणि शेवटी आमच्या मागच्या पिंजाऱ्याचं. त्यात त्या दिवशी महसूल तपासणारे गिरदावर साहेब चावडीत मुक्कामाला होते, म्हणजे त्यांचा तांब्या वेगळा आणि मोठा.

संकष्टी होती. सकाळपासून तोंडात थेंब न घेतलेले जीव घरात दोन: सासूबाई आणि वासरू. सासूबाईंनी उपास आपल्या मर्जीनं धरला होता.

वासराला का नाही, तर गाईची वार, म्हणजे व्यायल्यावर पडणारा जार, अजून पडली नव्हती. वार पडेस्तोवर वासराला आचळाला लावायचं नाही, नाहीतर वार आत अडकते, असं गावात सगळेच मानत. माणसानं पिळलं तर चालत होतं, वासरानं ओढलं तर चालत नव्हतं. हा फरक वारेला आतल्या आत कसा कळायचा, हे मी एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुज्या बापानं शाळा शिकविली, गोठा न्हाई शिकविला." ते खरंच होतं. माझे वडील शाळामास्तर. माझं माहेर नगरकडचं, इंग्रजी अंमलातलं. लग्नात त्यांनी मला आंदण म्हणून ही गाय दिली. ती इकडं निजामाच्या मोगलाईत आणताना आष्टीच्या अलीकडं जकातीच्या करोडगिरी नाक्यावर शिपायानं तिला अर्धा दिवस अडकवून ठेवलं होतं. मलाही ठेवलं होतं, पण माझ्यापुढं कुणी वैरण टाकली नाही.

गाय दुधाला उत्तम निघाली. घरातल्या सासूबाईंच्या गावठी गाईपेक्षा तिप्पट दूध द्यायची. तिचं एकच वाईट होतं, तिची वासरं जगत नव्हती. पहिलं पाचव्या दिवशी गेलं, दुसरं चौथ्या. दोन्हींना हगवण लागली. सासूबाईंच्या गाईची वासरं मात्र दगडासारखी जगायची, त्यामुळं दोष कुणाचा हे ठरवायला पंचायत बसवावी लागली नाही. "विंग्रजी मुलुखातली हाय. हितलं पानी मानवत न्हाई तिला," असं त्या म्हणायच्या. बोलताना बघायच्या माझ्याकडं.

या खेपेला त्यांनी गाय व्यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "हे जगलं तर ठीक. न्हाईतर येत्या बाजाराला गाय चौसाळ्याला. पोरं खाणारी गाय दारात नगं." बाजार रविवारी. म्हणजे वासराला सहा दिवस होते आणि मलाही.

गाय गेली असती तर मी रडले नसते, हे आधीच सांगते. पण त्या घरात जे माझं म्हणून होतं ते तेवढंच होतं. तिच्या दुधाचं लोणी माझ्या हातचं, तूप माझ्या बरणीतलं. ती गेली असती तर पोळीवर तूप घ्यायला मला सासूबाईंच्या शिंक्याखाली उभं राहावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. मी तशी उंचही नाही.

तर मी चीक वाटत निघाले. अकरावं घर पिंजाऱ्याचं. आमच्या गोठ्याची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची पुढची भिंत एकच. पिंजारी गावोगाव कापूस पिंजत फिरायचा, आणि पिंजारीण, तिला आम्ही सगळे चाची म्हणायचो, शेळ्या राखायची. तिच्या दोन-दोन, तीन-तीन पिलांच्या शेळ्या होत्या आणि पिलू मेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

तिनं भांडं हातात घेतलं, आत बघितलं, आणि म्हणाली, "कितवं घर हे?"

"अकरावं. तुमचंच शेवटचं."

"आन वासराला किती दिलं?"

"वार पडायची आहे चाची."

"म्हंजे न्हाई दिलं." तिनं भांडं खाली ठेवलं. "माज्या बकरीचं पयलं दूध बकरीच्या पिलाच्या पोटात जातं. उरलं तर मानसाच्या. तुमच्याकडं उलटं कावून हाय गं, माय? मागच्या खेपेला बी असंच वाटलंवतं?"

वाटलं होतं. त्याच्या आदल्या खेपेलाही वाटलं होतं. मी तिथंच, तिच्या शेळ्यांच्या लेंड्यांत उभी राहून हिशेब जुळवला. सासूबाईंची गाय वितीएवढ्या कासेची. तिचा चीक वाटीभर निघायचा, तो अकरा घरांना पुरणार कसा? म्हणून तो कुणी वाटायचंच नाही. वार पडली की सगळा तिच्या वासराच्या पोटात जायचा. माझी गाय दुधाळ, म्हणून तिच्या चिकावर सगळ्या गावाचा हक्क. संध्याकाळी वार पडून वासरू आचळाला लागेपर्यंत चीक पाटलाच्या, पटवाऱ्याच्या आणि गुरवाच्या पोटात जिरलेला असायचा. वासराच्या वाट्याला उरायचं ते साधं दूध. गाय खात नव्हती वासरं. आम्हीच खात होतो, गूळ घालून.

"चाची, तुमचं भांडं द्या परत," मी म्हटलं.

"ने. म्या हात बी लावला न्हाई."

आणि मग मी ते केलं जे त्या गावात कुणा सुनेनं केलं नव्हतं. दिलेला चीक परत मागत निघाले.

उलट्या क्रमानं गेले, कारण शेवटच्या घरांत अजून चूल पेटली नसेल असा अंदाज होता. गुरव ओट्यावर बसून गूळ फोडत होता. मी म्हटलं, "काका, तो चीक परत द्या. आत्ता काही विचारू नका." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, चिकाकडं बघितलं, आणि काहीही न विचारता भांडं असं पुढं केलं की जणू त्यात विंचू असावा. तिथूनच गडबड झाली. मी तिसऱ्या घरी पोचले तर बाई दारात भांडं घेऊन उभीच. पाचव्या घरची तर वाटेतच भेटली, घाईघाईनं माझ्याकडंच निघालेली. "आगं काय झालं? चीक बिघडलाय म्हणं? गाईला काय चावलं काय?" मी म्हटलं, "परत द्या म्हणजे झालं." खोटं मी बोलले नाही. खरं सांगत बसले असते तर दुपार झाली असती.

पटवाऱ्याच्या बायकोनं गूळ टाकलेला होता, तो मी सोडून दिला. पाटलीणबाईंकडं पातेलं चुलीवर चढलेलं, तोही गेलाच. त्यांनी वाफेतून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दिल्यालं परत नेतीस? तुज्या माहेरची रीत का गं ही?" मी म्हटलं, "नाही वहिनी, आजपासून सासरची." आणि गिरदावर साहेब? साहेबांनी तांब्याभर चीक कच्चाच पिऊन टाकला होता, थंडीत अंगाला बरा म्हणून. चीक बिघडल्याची बातमी चावडीत पोचली तेव्हा ते जमाबंदीचे कागद बघत होते. दिवसभर ते आडवे होऊन आपल्या पोटाला काय होतं याची वाट बघत राहिले. काहीही झालं नाही, पण गावाचं कामही झालं नाही. त्यामुळं निम्म्या गावानं पुढं माझे आभार मानले.

अर्धी चरवी चीक घेऊन मी गोठ्यात आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"नाक कापलंस गावात," त्या म्हणाल्या.

"वासराला पाजायचा आहे, आत्याबाई."

"वार पडली न्हाई."

"आचळाला नाही लावत. वरून पाजते. वारेनं वरून पाजू नये असं कुठं म्हटलंय?"

तेवढ्यात माझे धाकटे दीर पुढं आले. भावजी कधीकाळी औरंगाबादच्या छावणीत, गोऱ्या पलटणीच्या गोठ्यावर कामाला होते. किती दिवस, ते सांगता येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आठ महिने सांगायचे, या गोष्टीच्या वेळी तीन वर्षांवर आले होते.

"पलटणीत वासराला आई दावतच न्हाईत वैनी," भावजी म्हणाले. "जल्मल्या जल्मल्या बाजूला. बादलीत दूद प्यायला शिकवायचं."

"आणि वासरू न बघता गाय पान्हा कसा सोडते?"

"पलटणीची गाय हाय ती. हुकमावर सोडती."

त्यांनी विहिरीची बादली आणली, त्यात मी चीक ओतला. भावजींनी दोन बोटं चिकात बुडवून वासराच्या तोंडात दिली. वासरू चोखायला लागलं. इथवर सगळं पलटणीसारखं. मग बोटांसकट त्याचं तोंड बादलीत न्यायचं होतं. ते त्यांनी नेलं, पण नाकासकट नेलं. वासरू ठसकलं, शिंकलं, आणि भावजींच्या धोतरावर पिवळे थेंब उडाले. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं डोकं असं उडवलं की बादली कलंडली. मी झडप घालून धरली, तरी दोन वाट्या चीक शेणात गेला. पाटलाच्या घरून परत आणला असता तर तेवढाच भरला असता.

"पलटणीत असं झालं तर काय करतात?" मी विचारलं.

"दुसरी बादली आणत्यात," भावजी म्हणाले.

आता आमच्या घरातले मालक आले. ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी कोपऱ्यातून नळा काढला. बैलाला औषध पाजायचा बांबूचा तिरपा कापलेला तुकडा. वासराचं तोंड वर करायचं, नळा जिभेवर ठेवायचा, ओतायचं. बैलाला ते ठीक आहे, बैलाचा घसा म्हणजे मोट आहे. वासराला पहिल्या घोटालाच असा खोकला आला की त्याचे डोळे पांढरे झाले. मी नळा ओढून घेतला. "पोटात जाईल म्हणून ओतताय, जातंय छातीत," मी म्हटलं. मालक म्हणाले, "मग तूच बग," आणि नळा होता तिथं ठेवून आले. नीटनेटका माणूस.

ऊन वर आलं होतं. वासराचे कान गार पडत चालले होते. बोट तोंडात दिलं तर चोखत होतं, पण सकाळपेक्षा हळू.

"ए सूनबाई," भिंतीवरून चाचीचं डोकं वर आलं. शेळीच्या अंबवणाच्या, म्हणजे खाण्याच्या, घमेल्यावर चढून ती बराच वेळ बघत असावी. "पिलू तोंड वर करून पितं गं. खाली घालून काय पाजताव? हे घे."

तिनं भिंतीवरून बधना दिला. बधना म्हणजे तोटीचा लोटा. नमाजाआधी हातपाय, तोंड धुवायला, म्हणजे वजूला, त्यांच्या घरी असतो तो. तोटीवर तिनं पिंजलेल्या कापसाची गुंडी गुंडाळून वर मऊ फडकं दोऱ्यानं घट्ट बांधलं होतं. "आई मेल्याली पिलं म्या यानंच पाजिते. फडकं घट बग, न्हाईतर गिळंल."

सासूबाई पदर नाकाला लावून मागं सरल्या. "त्यांचा बधना? आपल्या गोठ्यात?"

"वासराला पाजायचंय आत्याबाई, तुम्हाला नाही."

"आजचा दिवस संकष्टीचा..."

"बरं," मी म्हटलं. "तोटीचं भांडं आपल्याकडंही आहे. देवघरातली तुमची झारी द्या. त्याच्यावर फडकं बांधते."

सासूबाईंची ती चांदीच्या तोटीची झारी. तिच्यातून देवाला पाणी घालायच्या. त्यांनी एकदा बधन्याकडं बघितलं, एकदा वासराच्या शेणानं भरलेल्या शेपटीकडं.

"बधनाच बरा," त्या म्हणाल्या. "पर उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाई."

मी बधन्यात चीक भरला, चुलीजवळ कोमट करून घेतला होता, आणि वासराचं तोंड आईच्या कासेच्या उंचीवर धरून तोटी आत दिली. क्षणभर त्यानं काही केलं नाही. मग फडक्यातून थेंब जिभेवर आला आणि त्यानं असं ओढलं की बधना माझ्या हातातून सुटायचा राहिला. शेपटी हलायला लागली. ठसका नाही, शिंक नाही. दोन बधने प्यायलं आणि उभ्याउभ्याच माझ्या पायावर मुतलं. मला त्या दिवशी मिळालेला तेवढाच आशीर्वाद.

वार दुपारी पडली. ती कधी पडायची ते तिनंच ठरवलं. कुणी काय प्यायलं याच्याशी तिला काही देणंघेणं दिसलं नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार हा बधना आमच्या गोठ्यात खुंटीला होता. दिवसातून तीनदा, दीड-दीड बधना, कोमट. सकाळी गाय पान्हवायला वासराला आचळाशी थोडं लावायचं, मग बाजूला बांधून दूध काढायचं, आणि पोटभर ते बधन्यातून. सासूबाईंचं म्हणणं आचळालाच सोडावं, जेवढं प्यायचं तेवढं प्यायला. त्यांच्या गाईचं ते ठीक होतं. तिच्याकडं वासराला बाधेल इतकं दूधच नव्हतं. माझ्या गाईचं वासरू मोकळं सोडलं तर फुटेस्तोवर प्यायलं असतं. भावजी रोज येऊन बघत, आणि बादलीनं वेळ कसा वाचतो ते सांगत. वाचलेल्या वेळात ते काय करत, ते मला कधी दिसलं नाही.

शुक्रवारी सकाळी चाची पुढच्या दारानं आली, म्हणजे काम मोठं होतं.

"आज जुमा हाय," ती म्हणाली. "चार दिस तांब्यावर भागविलं. आज घरधनी म्हंत्यात, बधना वजूला हाय का तुज्या वासराला हाय, ते एकदा ठरव."

मी फडकं सोडलं, बधना राखेनं तीनदा घासला, आणि दिला. संध्याकाळपर्यंतचीच गोष्ट होती. सकाळचं पाजून झालं होतं, दुपारचं थोडं उशिरा पाजू असं ठरवून मी धुणं घेऊन नदीवर गेले. हीच माझी चूक. धुणं एक दिवस मळकं राहिलं असतं तर चाललं असतं.

परत आले तर गोठ्यात भावजी बादली उपडी करून दाखवत होते. रिकामी.

"एका दमात, वैनी! शेवटी शिकलंच. पलटणीवानी!"

"किती होतं?"

"भरलीवती की."

"कोमट केलंत?"

"कावून? सकाळचंच हाय."

सकाळपासून पौषाच्या गारठ्यात पडलेलं दूध, बादलीभर, चार दिवसांच्या वासराला, एका दमात. वासराचं पोट ढोलकीसारखं टम्म झालं होतं आणि ते डोळे मिटून उभं होतं. भावजींना वाटलं तृप्त झालंय. बादलीत काही दोष नव्हता, हे मी पुढं अनुभवानं सांगते. माझी नंतरची किती वासरं मी बादलीवरच मोठी केली, महिन्याची झाल्यावर, बेताबेतानं, कोमट. दोष बादली धरणाऱ्यात होता. पण त्या दिवशी मी एवढं नीट काही म्हटलं नाही. जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भावजी दोन दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत, एवढंच सांगते.

दिवस मावळायच्या आत हगवण लागली. पांढरी, आंबूस वासाची. मागच्या दोघांना लागली होती तशीच.

शनिवारी सकाळी वासरू उठलं नाही. मालकांनी कासरा काढून खांबावर ठेवला, गाईला बाजारात न्यायचा तो. रागानं नाही, उद्या शोधाशोध नको म्हणून. सासूबाईंनी उद्याची भाकर आजच बांधायला घेतली. चौसाळा दोन कोस आहे.

मी चाचीच्या भिंतीशी गेले. तिनं न मागता बधना दिला. "आता दूद नगं," ती म्हणाली.

"नाहीच देणार."

दिवसभर दुधाचा थेंब दिला नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "उपाशी मारतीस," आणि मी दोनदा म्हटलं, "पोट भरून मरायला टेकलंय, जरा उपाशी जगू दे." डाळिंबाची साल उकळून गाळून घेतली. ऊन पाण्यात चिमूट मीठ आणि गुळाचा खडा घातला. आधी साल, मग घटकेनं हे पाणी, मग पुन्हा. बधन्यातून, घोट घोट. सकाळी तोटी तोंडात नुसती राहायची, ओघळ बाहेर यायचा. मी गाल चोळायची, पुन्हा धरायची. भाकरी थापायचं काम सासूबाईंनी केलं, कारण मी गोठ्यातून हलले नाही. मला नंतर ऐकवण्यात आलं की ती भाकरी मी थापते त्याहून चांगली झाली होती. झालीही असेल.

दुपारी वासरानं एक घोट ओढला. मग थांबलं. मग दुसरा. उन्हं कलली तेव्हा ते पुढचे गुडघे टेकून उठायचा प्रयत्न करत होतं, आणि जमत नव्हतं म्हणून मला लाथ मारत होतं. लाथ चांगली जोरात बसली. मला बरं वाटलं.

दिवेलागणीच्या आधी सासूबाई आल्या. वासराकडं बघितलं, खाली पडलेल्या शेणाकडं बघितलं. ते पातळ होतं, पण पांढरं नव्हतं. मग त्यांनी केलं ते मी त्यांना माझ्या गाईच्या वासराला कधी करताना बघितलं नव्हतं. वाकल्या, आणि स्वतःचं बोट त्याच्या तोंडात घातलं. वासरानं ओढलं. त्यांनी बोट काढायला बघितलं तर सोडेना. बांगड्या वाजायला लागल्या.

"सोड गं, भवाने," त्या वासराला म्हणाल्या.

बोट पदराला पुसून त्यांनी खांबावरचा कासरा उचलला, त्याचे वेढे नीट केले, आणि खुंटीला परत अडकवला. "बांधल्याली भाकर हाय," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "कुणीतरी बाजाराला गेलं पायजे. वाया जाईल."

"मी जाते."

"तुला काय आणायचंय?"

"बधना. चाचीचा किती दिवस ठेवायचा?"

घरात जाता जाता त्या म्हणाल्या, "तोटी रुंद बघून घे. ह्याची बारीक हाय, पोरीला ओढाया लागतं लई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी दूध काढलं. अर्धा बधना कोमट दूध आणि अर्धा पाणी वासराला पाजलं, फडकं सोडून बधना घासला आणि भिंतीवरून चाचीला दिला. मग गाईचं दावं दोन गाठी मारून बांधलं, एक नेहमीची आणि एक माझ्या समाधानासाठी, आणि भाकर घेऊन चौसाळ्याला निघाले. बाजारात भांड्यांच्या दुकानावर म्हातारे मियाँ बसले होते. मी तीन बधने मांडायला सांगितले, एकेकाच्या तोटीत अंगठा घालून बघितला, मग पाणी मागून घेतलं आणि तोटी वर धरून धार कशी पडते ते बघितलं. माझी चोळी भिजली.

"वजूसाठी का, बाई?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कालवडीसाठी."

त्यांनी मधला बधना उचलून माझ्या हातात दिला. "मग हा न्या. हा गळत न्हाई."

मी तो पदराखाली धरला आणि उन्हाच्या आत घरी पोचायचं म्हणून भरभर चालायला लागले. दुपारचं पाजायचं राहिलं होतं.